सहा प्रश्नचिन्हांचा जिल्हा

"मराठीत टाकलं की एरर येतो, काका. इंग्रजीत टाका." गेल्या पंधरा वर्षांत हे वाक्य मी साताऱ्यात ऐकले, सांगलीत ऐकले, मधल्या कराडातही ऐकले. सांगणारी पोरे वाईट नसतात. खुर्ची देतात, पाणी विचारतात. पण वाक्य असे टाकतात की जणू पावसाळ्यात कृष्णेला पूर येतो तसा मराठीला एरर येतो. निसर्गनियमच तो, त्याला कोण काय करणार!

मला हे वाक्य मान्य नाही. मराठीत टाकल्यामुळे एरर येत नाही. अर्ज आणि कोठार यांच्या मधल्या वाटेवर कोणीतरी आपले काम अर्धे सोडलेले असते, म्हणून येतो. आणि ज्याने काम अर्धे सोडले तो नामानिराळा राहतो, बोलणी खाते ती भाषा. आजचा सगळा लेख याच एका रागातून लिहिला आहे, तेव्हा सवयीच्या वाचकांनी आणि घरच्या मंडळींनी आधीच सावरून बसावे.

मी संगणकाचा माणूस नाही. पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, जनरल रजिस्टरात हजारो नावे स्वतःच्या हाताने लिहिली. संगणक शिकलो तो निवृत्तीनंतर. पण माझा एक भाचा पुण्यात डेटाबेसचेच काम करतो, आणि त्याला फोन करून मी इतके पिडले आहे की आता "मामा, आज काय फुटलं?" असेच तो विचारतो. खाली जे तांत्रिक आहे ते त्याच्याकडून घेऊन स्वतः करून पाहिलेले आहे. राग मात्र माझा.

आता एक गंमत पाहा. 'सातारा' हा शब्द संगणकाच्या हिशोबाने किती अक्षरांचा? आपण म्हणू तीन. संगणक म्हणतो सहा, कारण तो स वेगळा मोजतो आणि त्याचा काना वेगळा मोजतो. स, काना, त, काना, र, काना. 'सांगली'? स, काना, अनुस्वार, ग, ल, दीर्घ वेलांटी. तेही सहा. आता ज्या रकान्याला देवनागरी माहीतच नाही त्यात हे दोन शब्द ढकला. रकाना प्रत्येक अनोळखी चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवतो. झाले! सातारा म्हणजे ?????? आणि सांगली म्हणजेही ??????. १९४९ साली सातारा जिल्हा तोडून दक्षिण सातारा केला, १९६० साली त्याचे नाव सांगली ठेवले. सरकारने दोन जिल्हे केले होते, डेटाबेसने ते पुन्हा एक केले. तालुक्यांचे तर विचारूच नका. कराड, मिरज, फलटण, खटाव, पलूस सगळे चार-चार प्रश्नचिन्हांचे. वाई आणि माण तीन. जतच्या वाट्याला दोनच. खंडाळा आणि तासगाव पुन्हा सहा, म्हणजे तेही जिल्ह्याच्या पंक्तीला!

हसून झाले असेल तर यातला गंभीर भाग. प्रश्नचिन्ह साठवतानाच पडले असेल तर मूळ शब्द कायमचा गेला. चार प्रश्नचिन्हांतून कराड की मिरज हे जगातला कोणताही तज्ज्ञ सांगू शकत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये मजकुराचे दोन प्रकारचे रकाने असतात, व्हारचार आणि एनव्हारचार. साधा व्हारचार नेहमीच्या मांडणीत रोमनपुरता. एनव्हारचारमध्ये मराठी राहते. पण रकाना बरोबर असूनही आज्ञा लिहिताना अवतरणाच्या आधी 'एन' हे एक अक्षर लिहायचे राहिले तर मजकूर आत पोचण्यापूर्वीच त्याची प्रश्नचिन्हे होतात. एका अक्षराचा आळस! मायएसक्यूएल नावाचा दुसरा प्रसिद्ध डेटाबेस २०१८ पर्यंत, म्हणजे त्याची आठवी आवृत्ती येईपर्यंत, काही सांगितले नाही तर 'लॅटिन-१' ही युरोपी मांडणी गृहीत धरत असे. कामाला आलेल्या मुलाने ती बदलली नाही, तपासणाऱ्याने विचारले नाही, आणि आपण काउंटरवर ऐकले की मराठीत एरर येतो.

दुखणी वेगवेगळी असतात आणि लक्षणेही वेगळी, पण काउंटरवर सगळ्यांना एकच औषध. जिथे प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला रोमन ए आणि चार पाय फुटलेल्या वर्तुळासारखी खूण पुन्हा पुन्हा दिसते, तिथे मजकूर बहुतेक वेळा जिवंत असतो. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत बसते, आणि वाचणारा ते तीन बाइट तीन वेगळी युरोपी अक्षरे समजून वाचतो. पहिला बाइट सगळ्या देवनागरीचा एकच, म्हणून तो ए सारखा दिसत राहतो. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा किंवा पाय मोडल्याची खूण आली की त्या वर्तुळाच्या जागी जपानी येनची खूण येते. अक्षराचा पाय मोडला की येन! (मला हे कळले तेव्हा मी एकटाच खूप वेळ हसत होतो, घरच्यांना वाटले काय झाले.) चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त फॉन्ट नाही. आणि प्रश्नचिन्ह दाखवताना पडले की साठवताना, हे पाहायला भाच्याने सांगितलेली युक्ती अशी: डेटाबेसला तो मजकूर सोळाच्या अंकपद्धतीत दाखवायला सांगायचे. 'ई०ए४' ने सुरू होणारे काही दिसले तर मूळ आत आहे, दोष दाखवणाऱ्याचा. नुसते '३एफ, ३एफ' दिसले तर तेराव्याची तयारी करावी. पाच मिनिटांची ही तपासणी. ती न करता अर्जदाराला परत पाठवणे याला मी आळस म्हणतो.

यूटीएफ-८ ही काही कालची गोष्ट नव्हे. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर तिची मांडणी केली. आपल्याकडे त्याच्या आदल्या वर्षी, १९९१ साली, भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक आलेले होते. म्हणजे वाट माहीत नव्हती असे म्हणायला जागा नाही. पण नव्वदीत आपण सगळे फॉन्टच्या नादी लागलो. रोमन अक्षराच्या डोक्यावर मराठीचा मुखवटा, बस्स. पडद्यावर दिसायचे मराठी, आत साठायची रोमन अक्षरांची खिचडी. फॉन्ट काढला की मुखवटा गेला. लग्नपत्रिकेला ते चालते, पत्रिका एकदा छापली की काम संपले. जमिनीच्या आणि माणसांच्या नोंदींना कसे चालेल? त्या नोंदी पुढे युनिकोडमध्ये आणताना जे सांडले ते अजून वेचणे चालू आहे.

आता कापाकापी. रोमन अक्षर एका बाइटात बसते. रकाना 'तीस' चा ठेवला की इंग्रजी नावाला तीस अक्षरे मिळतात. ओरॅकलसारख्या डेटाबेसात वेगळे सांगितले नसेल तर हे तीस म्हणजे तीस बाइट, आणि मराठीची दहाच चिन्हे. फलटणच्या संस्थानिकांचे आडनाव घ्या, नाईक निंबाळकर. 'नाईक' ला बारा बाइट, मोकळ्या जागेला एक, 'निंबा' ला पंधरा. झाले अठ्ठावीस. उरले दोन. 'ळ' ला लागतात तीन. काही डेटाबेस अशा वेळी सरळ नकार देतात, बसत नाही म्हणतात. तो प्रामाणिकपणा मला आवडतो. पण काही प्रोग्रॅम नकार टाळण्यासाठी आधीच गुपचूप कात्री चालवतात, आणि मग छापून येते 'नाईक निंबा' आणि पुढे काळ्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह. ते चिन्ह म्हणजे दोन तृतीयांश ळ! फलटणच्या राजघराण्याची ही गत, तर बाकीच्यांनी काय आशा धरावी?

यावर दुसरी बाजू आहे आणि ती मी नाकारत नाही. बँकांची जुनी यंत्रणा रोमनवर उभी आहे, दिल्लीतल्या कार्यालयाला मराठी वाचता येत नाही, सगळ्या देशात एक नाव एका लिपीत असले तर जुळवाजुळव सोपी. खरे आहे. पण सोपी कोणाला? रोमनमध्ये ळ नाही. काळे आणि काले एकच. गोळे आणि गोले एकच. शेळके आणि शेलके एकच. आणि हीच रोमन नावे यंत्राने पुन्हा देवनागरीत उलटवली की आपल्या शेळक्यांचे शेलके होतात. मग 'दुरुस्तीसाठी अर्ज करा'. म्हणजे चूक यंत्राची, आणि चपला झिजणार शेळक्यांच्या. रोमन नाव सोबत ठेवा ना, कोण नको म्हणतो? माझा झगडा आहे तो मराठी नाव मूळ म्हणून न ठेवण्याशी.

आणि रोमन नको, मराठीच ठेवू, एवढे म्हणूनही सुटका होत नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. पाचवीत मीच तिचे नाव रजिस्टरात घातलेले. आता पन्नाशीला आली. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले. तिच्या आडनावात 'ऱ्ह' आहे. समजा 'कऱ्हाडे' म्हणू, खरे आडनाव इथे देत नाही. वारसाच्या कामात दोन ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहायच्या होत्या. यंत्र म्हणाले, नाव जुळत नाही. ती दोन्ही छापील कागद घेऊन माझ्याकडे आली. "गुरुजी, माझंच नाव माझ्यासारखं नाही म्हणत्यात." मी चष्मा लावून काना-मात्रा तपासली. कसलाच फरक नाही. मी तिच्याबरोबर त्या कार्यालयात गेलो. (कोणते ते लिहीत नाही, तिला पुन्हा जायचे आहे.) तिथल्या साहेबांसमोर दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"साहेब, यात फरक दाखवा," मी म्हणालो.

"फरक दिसत नाही गुरुजी, पण सिस्टीम घेत नाही."

"मग आता काय करायचं?"

"दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र आणा."

वाचकहो, ते प्रतिज्ञापत्र कसे लिहायचे ते तुम्हीच सांगा. 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की कऱ्हाडे आणि कऱ्हाडे ही एकच व्यक्ती आहे.' वकिलाने दोनदा वाचले आणि माझ्याकडे पाहिले. म्हणाला, "गुरुजी, काय थट्टा करता?" पण तसेच लिहून द्यावे लागले. वर फोटो, दोन साक्षीदार, आणि तिचे दोन दिवसांच्या मजुरीचे खाडे.

फरक होता, आणि तो भाच्याने रात्री दहा मिनिटांत काढला. मी ते नाव दोन्ही ठिकाणच्या पडद्यांवरून जसेच्या तसे उचलून त्याला पाठवले होते. त्याने चिन्हे मोजली. एकात सात निघाली, एकात आठ. आपण ज्याला कऱ्हाडचा ऱ म्हणतो तो युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिता येतो, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता असाही लिहिता येतो. तिसरी वाट म्हणजे र, पाय मोडल्याची खूण आणि त्यानंतर एक न दिसणारे, शून्य रुंदीचे जोडचिन्ह. तिन्ही पडद्यावर एकसारखेच दिसतात. पहिली दोन रूपे एकच मानावीत, असे खुद्द युनिकोडचे मानक सांगते, आणि साठवण्याआधी ती एक करून घेण्याची रीतही देते. प्रसामान्यीकरण की काय असा बोजड शब्द आहे तिला. आमच्या भाषेत, गिरणीत टाकण्याआधी दाणे निवडून घेणे. प्रोग्रॅममध्ये ती एक ओळ असते. तिच्या दोन नोंदींपैकी एक कोणीतरी जुन्या फॉन्टमधून रूपांतर करून आणलेली असावी, असा भाच्याचा कयास. ती एक ओळ ज्याने लिहिली नाही त्याला एका दिवसाचाही खाडा पडला नाही.

साहेबांवर माझा राग नाही असे म्हणून मी मोठेपणा घेणार नाही. आहे. स्वतःच्या डोळ्यांना जे सारखे दिसते ते सारखे आहे, असे लिहून सही करण्याचा अधिकार माणसाला असायला हवा. सातबाऱ्यातल्या लेखनप्रमादासाठी जमीन महसूल संहितेत, १९६६ च्या कायद्यात, कलम १५५ आहेच. हस्तलिखितावरून संगणकावर येताना जे चुकले ते दुरुस्त करायला ते वापरतातही. पण कागदावर दोन्हीकडे नाव बरोबरच असेल तर दुरुस्त काय करणार? चूक कागदावर नाही, कागदामागे आहे, आणि तिथे अर्ज करायला खिडकी नाही.

हे एका अक्षराचे दुखणे आहे असे समजू नका. वकिलांच्या नावाआधीचा 'ॲड.' घ्या. अ वर चंद्र देऊन तो पूर्वी दोन चिन्हांनी लिहीत. २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत ॲ हे एकसंध अक्षर मिळाले. आनंदच आहे. पण जुनी आणि नवी रूपे एकच आहेत असे मानक सांगत नाही, त्यामुळे वर सांगितलेली दाणे निवडण्याची रीतही इथे लागू पडत नाही. ती जोडी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आठवणीने जुळवायची असते. जुन्या यादीतले वकील नव्या शोधात सापडत नाहीत ते यामुळे. वकिलांचे एक वेळ चालेल...

हजेरीचेही पाहा. आमच्या पिढीच्या वर्णमालेत ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. वर्गात क्षीरसागर शेवटी बसायचे. संगणकाला मराठी क्रम लावायला सांगितले नाही तर तो नुसत्या अंकांच्या क्रमाने जातो, क्षीरसागरांना क च्या घरात नेतो आणि ळ ला ल आणि व च्या मध्ये कोंबतो. मराठीचा स्वतंत्र क्रम उपलब्ध असतो, निवडावा लागतो. कोणी निवडत नाही. हा तुलनेने बारीक विषय आहे, पण ज्या वाईत बसून मराठी विश्वकोशाच्या नोंदी अकारविल्हे लावल्या गेल्या त्या जिल्ह्यात तरी हा बारीक वाटू नये.

आणि मोडी! ज्यांच्या घरी मोडी कागद आहेत त्यांच्यासाठी सांगतो. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, पण ती चार बाइटांच्या मजल्यावर. मायएसक्यूएलमध्ये ज्याला वर्षानुवर्षे 'यूटीएफ-८' म्हणत आले ते तीनच बाइट घेत असे. चार घेणारा प्रकार २०१० पासून मिळतो, पण त्याचे नाव वेगळे आहे आणि २०१८ ची आठवी आवृत्ती येईपर्यंत तो मुद्दाम मागावा लागत असे. म्हणजे ज्या लिपीत पेशवाईचे दफ्तर सांभाळले गेले ती लिपी अशा रकान्यात आजही मावत नाही. गंमत अशी की चेहऱ्यांची ती पिवळी चित्रेही चारच बाइटांची. पोरांची चित्रे फुटायला लागली तेव्हा जगभर धावपळ झाली आणि रकाने रुंद झाले. मोडीसाठी कोणी धावले नसते. चला, हसऱ्या चेहऱ्यांच्या पंगतीला बसून का होईना, मोडीला पाट मिळाला.

राजभाषा अधिनियम १९६४ चा. ज्या यशवंतरावांचा जन्म आमच्या देवराष्ट्र्यातला, त्यांच्या काळात १९६० साली भाषा संचालनालय निघाले, कारभाराला मराठी शब्द घडवायला. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली, पेढे वाटले. त्याच वर्षी लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले जात असताना मराठीत भरलेले अर्ज बाद होणार अशी बातमी पसरली, आणि मराठीतले अर्ज बाद होणार नाहीत असा खुलासा खात्याच्या मंत्र्यांना करावा लागला. महाराष्ट्रात! महाराष्ट्र सरकारच्या योजनेत! खुलासा झाला हे चांगले झाले. पण बायाबापड्यांना ती बातमी लगेच खरी वाटली, यावरून त्यांनी आजवर काउंटरवर काय काय ऐकले असेल ते कळते.

भाचा म्हणतो, "मामा, जुनी सिस्टीम बदलणं इतकं सोपं नसतं. नुसता रकाना बदलून भागत नाही." त्याने समजावले ते मला पटले. अर्जाचा पडदा, मधला प्रोग्रॅम, डेटाबेसशी जोडणी, रकाना, आणि शेवटी छपाई, अशा पाच ठिकाणी एकच पद्धत लागते. एस.टी.ने साताऱ्याहून सांगलीला पार्सल पाठवावे आणि कराडच्या हमालाला चिठ्ठी वाचता येऊ नये, तशी गत. चार ठिकाणी बरोबर आणि पाचव्या ठिकाणी लॅटिन, की गेले पार्सल. जुना साठा बदलताना तो आधी नीट उतरवून घ्यावा लागतो, नाहीतर आहे तेही जाते. खर्च येतो, वेळ जातो. सगळे मान्य. पण नव्याने विकत घेतलेल्या यंत्रणेतही हेच होते त्याचे काय? रंगाऱ्याने भिंत रंगवली की पैसे देण्याआधी आपण बोट लावून बघतो. लाखोंची यंत्रणा ताब्यात घेताना एकही साहेब मराठी नाव टाइप करून का पाहत नाही? चाचणीला टाकतात काय, तर 'टेस्ट वन', 'टेस्ट टू', तेही रोमनमध्ये.

म्हणून मी एक कागद तयार केला आहे. ज्या कोणाच्या हाती अशी यंत्रणा ताब्यात घेण्याची सही असेल, आणि आपल्या गोतावळ्यात असे तिघेजण तरी आहेत हे मला ठाऊक आहे, त्याने सहीपूर्वी ही नावे अर्जात भरावीत, जतन करावीत, शोधावीत, क्रमाने लावावीत, छापून घ्यावीत आणि भिंग लावून वाचावीत: कऱ्हाडे, तिन्ही प्रकारांनी लिहून. ॲड. शेळके, दोन्ही प्रकारांनी. नाईक निंबाळकर. क्षीरसागर. ज्ञानेश्वर. सूर्यवंशी. गोव्याकडचे डिसोझा, रोमनमध्ये त्यांच्या डी नंतरच्या अपॉस्ट्रॉफीसह, कारण ती खूण आज्ञेतले अवतरण मध्येच संपवते आणि कच्चा प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. गावाच्या रकान्यात कवठेमहांकाळ. जिल्ह्याच्या रकान्यात एकदा सातारा, एकदा सांगली, आणि परत उघडल्यावर दोन्ही वेगळे दिसतात का ते पाहावे. कागदाच्या प्रती माझ्याकडे आहेत. सांगलीत आलात तर घेऊन जा.